आईची खोली आणि वर्षाची चटणी: घरातली हवा साफ करण्याच्या नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. खाली तीन खोल्या, वर दोन आणि गच्ची. आई ७१ वर्षांची, दमा जुना. मार्च २०२४ मध्ये वर्षाची चटणी (वर्षभर पुरेल एवढं मिरची-मसाल्याचं तिखट) करताना घरभर खाट, म्हणजे मिरचीचा झोंबणारा धूर, सुटली, आईला धाप लागली ती उतरेना, आणि दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. पुढच्या चटणीच्या आत घरातली हवा ताळ्यावर आणायची, हे मी तिथं बाकड्यावर बसूनच ठरवलं. मी उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवतो. प्लाय, पंखा, मोटर या रोजच्या हाताखालच्या गोष्टी आहेत, म्हणून जमेल ते घरीच केलं. आईची औषधं डॉक्टरांनी दिली तशीच चालू होती आणि आहेत.

रीडिंग म्हणजे पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण), एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम ते. आपल्याकडचं २४ तासांचं मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस १५.

१७ नोव्हेंबर २०२४

पहिले २,४०० रुपये पाण्यात. ऑनलाइन मागवलेला 'पाच-एकात' मीटर. धूळ, कार्बन डायऑक्साइड, फॉर्मल्डिहाइड (प्लायच्या सरसातून सुटणारा वायू) सगळं दाखवतो असं लिहिलं होतं. बायकोनं हाताला सॅनिटायझर लावला आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडा (पीपीएम, हवेच्या दहा लाख भागांत किती) ६०० वरून २,८०० वर गेला. मी कापूस सॅनिटायझरमध्ये बुडवून जवळ धरला, पुन्हा तेच. म्हणजे आत कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नाहीच. स्पिरिटसारख्या वाफा मोजून त्यावरून अंदाजानं आकडा दाखवतात. फॉर्मल्डिहाइडचा आकडाही त्याच कापसानं उडाला.

मग भाच्याच्या मदतीनं पीएमएस ५००३ हा लेझर सेन्सर आणि त्याचे आकडे वाचणारा ईएसपी ३२ हा छोटा बोर्ड जोडला, आणि कार्बन डायऑक्साइडसाठी वेगळा एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशानं तो वायू खरंच मोजणारा) घेतला. दोन्ही मिळून ५,२००. मीटर घेताना 'एनडीआयआर' हा शब्द बघून घ्या, आणि आल्याबरोबर कापसाची परीक्षा करा.

लेझर सेन्सरबद्दल दोन गोष्टी. ५००च्या पुढचा आकडा विश्वासाचा नाही. आणि धुकट सकाळी, दमट हवेत तो जास्त दाखवतो, कारण पाणी धरून फुगलेला कणही त्याला मोठाच दिसतो.

२४ नोव्हेंबर

आठवडाभर काही बदल न करता नुसतं मोजलं. हा आठवडा वाया गेला असं वाटत होतं, पण पुढं सगळ्यात उपयोगी हाच ठरला.

आईच्या खोलीत सगळ्यात वाईट वेळ रात्री साडेदहा ते दोन. मला वाटायचं स्वयंपाकघर. निघाली डासांची कॉइल. कॉटखाली लावलेली, खिडकी बंद, रीडिंग ५००च्या वर. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. दम्याच्या माणसाच्या कॉटखाली आम्ही ते रोज रात्री स्वतःच्या हातानं ठेवत होतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या नंबरला सकाळची आणि रात्रीची फोडणी. स्वयंपाकघरात ४००-४२०, आणि पंधरा मिनिटांत आईच्या खोलीतही १५०. देव्हाऱ्यातली उदबत्ती तिसरी.

चौथी गोष्ट अनपेक्षित होती. आई पहाटे साडेपाचला सगळ्या खिडक्या उघडते. "पहाटेची हवा चांगली असती," हे तिचं आयुष्यभराचं. पण गच्चीवर मोजलं तर पहाटे सहा ते साडेआठ ९०-९५ आणि दुपारी एकला ३५. दमटपणाची फूग वजा केली तरी फरक मोठाच. हिवाळ्यात रात्री गार हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. त्याच वेळी गळीत हंगाम, शिवारात पाचट पेटवलेलं, गुऱ्हाळांचा, शेकोट्यांचा आणि गाड्यांचा धूर. ऊन चढेपर्यंत ते सगळं त्या झाकणाखालीच राहतं. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आहेच. दारात रंकाळा आणि पंचगंगा असली म्हणून आपली हवा आपोआप साफ राहत नाही.

आईला आकडे सांगून पटलं नाही. तिला पहाटे गच्चीवर नेलं, उगवतीकडं करड्या धुराचा पट्टा दाखवला, आणि म्हटलं, "आई, ह्यो घरात घ्यायचा का?" त्या दिवसापासून खिडक्या अकरानंतर उघडतात.

१ डिसेंबर

कॉइल बंद. तीन खिडक्यांना जाळी, आईच्या कॉटला मच्छरदाणी. खर्च २,६००. वेल्क्रोची स्वस्त जाळी आधी लावली होती, ती चौथ्या दिवशी कोपऱ्यातून सुटली, ७०० रुपये गेले. मग अॅल्युमिनियमच्या चौकटीची सरकती जाळी बसवली.

रात्रीचं रीडिंग ५०० वरून ४५-६०. एकही यंत्र न आणता. आईचा पहाटेचा खोकला थोड्याच दिवसांत स्पष्ट कमी झाला.

८ डिसेंबर

आता पद्धतींची तुलना. परीक्षा सगळ्यांना एकच: आईची खोली १२ बाय १० फूट, उंची १०, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. दार-खिडकी बंद, उदबत्ती जाळून रीडिंग ३०० वर न्यायचं, उदबत्ती विझवायची, छोटा पंखा भिंतीकडं तोंड करून हवा ढवळत ठेवायची, आणि ३०० चे १५० व्हायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. आई तेवढा वेळ वरच्या खोलीत.

काहीच न करता: ७० मिनिटं.

नऊ कुंड्या ठेवून (स्नेक प्लांट, कोरफड, मनी प्लांट): ६८ मिनिटं. म्हणजे काहीच नाही. 'नासानं सिद्ध केलंय' म्हणून या कुंड्या विकल्या जातात. तो १९८९चा प्रयोग छोट्या हवाबंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला, त्यात खिडकीतून होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं निघालं. शिवाय कुंड्यांची माती सतत ओली राहून खोलीला बुरशीचा वास यायला लागला. झाडं आता गॅलरीत आहेत, तिथं छान वाढताहेत.

कोळशाच्या चार पिशव्या: ७१ मिनिटं. कोळसा वायू आणि वास धरतो, धुराचे कण नाही. आणि वायू धरायलाही हवा त्याच्यातून ढकलावी लागते. नुसती टांगलेली पिशवी आजूबाजूची चार बोटं हवा तेवढी बघते.

मित्राकडून आणलेला हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कणही अडवणारा) प्युरिफायर, सगळ्यात जोरात: ९ मिनिटं.

दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडून आणि छताचा पंखा लावून: ४ मिनिटं. सगळ्यात जलद, आणि फुकट. पण खोली बाहेरच्या आकड्याच्या खाली जात नाही. दुपारी ३५ वर थांबते, पहाटे ९० वर थांबली असती.

१५ डिसेंबर

प्लगमध्ये लावायचा 'आयोनायझर', १,३०० रुपये. लावल्यावर अर्ध्या तासात खोलीत वेल्डिंगजवळ येतो तसा तिखट वास. तो ओझोनचा. ओझोन फुप्फुसाला टोचतो, दमेकऱ्याला तर जास्तच. परीक्षा पुरी न करता काढला. विकणाऱ्यानं परत घेतला नाही. मी तो दुसऱ्या कुणाला न देता मोडून टाकला.

२२ डिसेंबर ते ५ जानेवारी २०२५: फिल्टरची पेटी

मित्राचा प्युरिफायर परत द्यायचा होता आणि त्याचा नवा फिल्टर ३,५०० चा. म्हणून कोर्सी-रोझेंथाल पेटी करायची ठरवली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथाल यांच्या कल्पनेतून ती आली: चार बाजूंना चार फिल्टर, वर पंखा, तळ बंद. पंखा हवा वर फेकतो, आत ओढलेली हवा फिल्टरमधूनच यावी लागते.

त्यांचा चौकोनी बॉक्स फॅन आपल्याकडं सहज मिळत नाही. मी लक्ष्मीपुरीतून १२ इंची एक्झॉस्ट फॅन घेतला (१,७५०). फिल्टर एसीच्या कामाला लागतात ते, २० बाय २० इंची, दोन इंच जाड, एमईआरव्ही १३ दर्जाचे (हा आकडा जितका मोठा तितके बारीक कण धरले जातात), पुण्याहून चार नग ३,६००.

पहिला प्रयत्न पुठ्ठा आणि खाकी टेपचा. १६ मिनिटं. मला सहा-सातची अपेक्षा होती. पेटी चालू ठेवून जळती उदबत्ती सांध्यांवरून फिरवली. तीन कोपऱ्यांत धुराची रेघ सरळ आत ओढली जात होती. म्हणजे बरीच हवा फिल्टरला वळसा घालूनच जात होती. शिवाय एक फिल्टर उलटा लागला होता. चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो पेटीच्या आत बघायला हवा.

मग दुकानातल्या १२ मिमी प्लायच्या तुकड्यांची चौकट केली. फिल्टर टेपनं न चिकटवता खाचेत सरकवले, खाचेला दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी, आणि बाहेरून दोन खिट्ट्या. पॅटर्नची पेटी जोडतो तशीच जोडली. उदबत्तीची रेघ आता कुठंही वाकत नाही. फिल्टर बदलायला एक मिनिट लागतं. एवढं करायला दोन संध्याकाळी लागल्या.

निकाल: ६ मिनिटं. हिशेब केला तर तासाला सुमारे २१५ घनमीटर साफ हवा. मित्राचा प्युरिफायर १३७ च्या आसपास.

पण आईनं पहिल्याच रात्री दहा वाजता पेटी बंद केली. मिनिटाला १,४०० फेऱ्यांचा लोखंडी पंखा, छपाईच्या मशीनजवळ झोपल्यासारखं. आवाजामुळं बंद राहणारी पेटी कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग शून्य. पंखा बदलून ९०० फेऱ्यांचा घेतला (आणखी २,१००), खाली रबराचे पाय लावले. वेळ ६ वरून ८ मिनिटं झाला, पण ती रात्रभर चालते. पहिला पंखा दुकानात भुश्श्याच्या कामाला लावला.

रात्रीचं रीडिंग आता १०-१४.

१२ जानेवारी

फोडणीचा धूर घरभर पसरून मग पेटीनं गोळा करायचा, हे उलटं काम आहे. चिमणी दोन वर्षांपूर्वी बसवलेली, तरी स्वयंपाकघरात ३०० च्या वर जायचंच. टिश्यू पेपर जाळीला लावला, धरला जात नव्हता.

चिमणी उतरवली. मागच्या तोंडाला दोन झडपा असतात, बंद असताना वारा आत येऊ नये म्हणून. त्या झडपांवर कारखान्यातली पॅकिंगची टेप तशीच होती. एक झडप अर्धी उघडत होती, दुसरी अजिबात नाही. बसवणाऱ्यानं काढली नव्हती, आणि मी दोन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. पुढं चौदा फूट सुरकुत्यांचा अॅल्युमिनियमचा पाइप, तीन वळणं, आणि खाली लोंबलेल्या भागात वाटीभर तेल साठलेलं.

टेप काढली, सुरकुत्यांचा पाइप फेकला. मागच्या बोळाकडच्या भिंतीला गवंड्याकडून सहा इंची भोक पाडून सरळ पीव्हीसी पाइप, एकच वळण, बाहेर टोपी. शेजाऱ्यांची खिडकी त्या बाजूला नाही हे आधी बघून घेतलं. गवंड्यासह १,९००, एक दिवस.

तीच मोहरी-लसणाची फोडणी: ३१० वरून ८५. पण तेही स्वयंपाकघराचं दार-खिडकी सगळं लावलं की १६० वर जातं. बाहेर हवा फेकायची तर आत यायला वाट हवी. शेगडीपासून लांबची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. चिमणी गॅस पेटवायच्या आधी लावायची आणि उतरल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायची. बायको म्हणाली, खाटेची भाजी आता मागच्या शेगडीवरच करते. त्यानंही फरक पडतो, धूर चिमणीच्या पोटाखालीच राहतो.

१४ जानेवारी

संक्रांतीचे तीळ भाजताना एक गोष्ट ध्यानात आली, ती इथं ठळकपणे लिहितो. चिमणी जोरात ओढत असताना बाथरूमच्या दाराखालून स्वयंपाकघराकडं वारा येत होता. आमचा गॅस गिझर बाथरूमच्या आत. म्हणजे गिझरची जळकी हवाही घरातच ओढली जाणार. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हेपा असो, कोळसा असो, पेटी असो, कुठलाच फिल्टर तो धरत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरनं माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

दोन दिवसांत गिझर बाहेरच्या बोळात उघड्यावर हलवला, वर पत्र्याची टोपी. प्लंबरसह १,४००. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म १,६००. या सगळ्या नोंदींतलं एकच काम कुणी करणार असेल तर हे करा.

२ फेब्रुवारी

आईच्या खोलीत आता धूर नाही, पण सकाळी उठल्यावर तिला जड वाटतं. रात्री नातही तिच्याजवळ झोपते. दार-खिडकी बंद, पहाटे कार्बन डायऑक्साइड २,१००. बाहेर ४२० च्या आसपास असतो. पेटी तीच हवा फिरवून गाळते, नवी आणत नाही. खिडकी उघडली तर पहाटे ९० आत.

उपाय: खिडकीच्या वरच्या तावदानाच्या जागी प्लायची खोकी, बाहेरच्या बाजूला एक २० इंची फिल्टर, आत सहा इंची बारीक पंखा, तो बाहेरची हवा गाळून खोलीत ढकलतो. खोलीत किंचित जास्त दाब राहतो, त्यामुळं दाराच्या फटीतून हवा बाहेर जाते, धूर आत येत नाही. २,२५०. पहिल्यांदा पंखाच उलटा जोडला होता आणि पहाटेपर्यंत खोली फटींतून स्वयंपाकघराचा वास ओढत होती.

आता पहाटे कार्बन डायऑक्साइड ९००, पीएम १६. आपली थंडी सोसवणारी आहे म्हणून हे जमतं. आईला एक गोधडी जास्त.

९ फेब्रुवारी

वर मुलीच्या खोलीत दिवाळीला केलेलं प्लायचं कपाट. उघडलं की डोळे चुरचुरतात. हा युरिया-फॉर्मल्डिहाइड सरसाचा वास मी दुकानात रोज घेतो, ओळखायला मीटर लागला नाही. साधा कोळसा फॉर्मल्डिहाइड फारसा धरत नाही, म्हणून त्याच्या मागं लागलो नाही. सनमायका फक्त दर्शनी बाजूला होता. पाठ, आतल्या फळ्या आणि कापलेल्या कडा उघड्या. कडांतून वायू जास्त सुटतो. कपाट रिकामं करून सगळीकडं मेलामाइन पॉलिशचे दोन हात मारले (९५०), मुलीला आठ दिवस खाली झोपवलं, आणि दुपारच्या उन्हात दारं-खिडक्या सताड ठेवल्या, कारण उष्णतेनं तो जास्त सुटतो. चुरचुर गेली. नवं कपाट करताना प्लाय ई-० किंवा ई-१ दर्जाचा, म्हणजे हा वायू कमी सोडणारा, मागा.

२३ फेब्रुवारी

माझी सगळ्यात महागडी चूक. पेटीचे फिल्टर काळे पडले, परीक्षेचा वेळ ८ वरून १० मिनिटं झाला. चारही फिल्टर साबणाच्या पाण्यात बुडवून धुतले, दोन दिवस उन्हात वाळवले. नव्यासारखे पांढरे दिसले. परीक्षा: १९ मिनिटं. या फिल्टरच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, बारीक कण तोच ओढून धरतो. साबण-पाण्यानं तो गेला. जाळी राहिली, पकड गेली. पुन्हा ३,६००. वरची धूळ मऊ ब्रशनं अलगद झाडा, पण पाणी लावू नका.

१३ मार्च

होळी. गल्लीत शेणींचा धूर, गच्चीवर सेन्सर ४०० च्या पुढं. गेल्या वर्षी या रात्री आई उशाला उशी लावून बसून होती. सातलाच खिडक्या लावल्या, खिडकीतली खोकी बंद करून तोंड झाकलं, पेटी चालू. आईच्या खोलीत सगळ्यात जास्त ३८. साडेनऊला ती जेवली आणि झोपली.

१६ मार्च

चटणीची रंगीत तालीम. चिमणी पूर्ण जोरात, खिडकी चार बोटं, मूठभर ब्याडगी आणि संकेश्वरी तेलात परतली. तीन मिनिटांत स्वयंपाकघर ३८०, माझ्या डोळ्यांतून पाणी. फोडणीला पुरलेली चिमणी खाटेला पुरत नाही. तीन किलो मिरची आणि वर मसाला, खोबरं, हे आत करायचं नाही असं ठरलं.

२३ मार्च

चटणी गच्चीवर. सिलिंडर आणि शेगडी वर नेली, उदबत्ती धरून वारा कुठं जातो ते बघितलं, जिन्याचं दार लावून खाली ओलं पोतं दाबलं. बायको आणि वहिनी तोंडाला ओला रुमाल बांधून सकाळी दहापासून बसल्या. खोबरं, तीळ, धणे, कांदा, शेवटी मिरची. शेगडीजवळ सेन्सर अडकूनच बसला, आकडा लिहिण्यात अर्थ नाही. खाली आईच्या खोलीत, पेटी चालू, २२.

अडीचला मी कांडपावरून डबे घेऊन आलो तेव्हा आई कॉटवर लसूण सोलत बसली होती. चिमूटभर चटणी तळहातावर घेऊन चाखली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

फिल्टरची पुढची ऑर्डर जूनमध्ये, पावसाच्या आधी. ओल धरलेल्या भिंतींची बुरशी हे तेव्हाचं काम, त्याची वही वेगळी.